नाना ज्यूरीला जातात

जगात खऱ्या अर्थाने निःपक्षपाती असा माणूस एकच उरला आहे आणि तो सध्या न्यू जर्सीत, एडिसनला, मुलाकडे राहतो, असं नानांचं नानांविषयी मत आहे. या मताला दुसरी बाजू असू शकते, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. ती दुसरी बाजू ते स्वतःच आपल्याला समजावून सांगतात, आपल्याला जमली नसती इतकी चांगली, आणि मग तिच्या चिंधड्या उडवतात. थोडक्यात, दोन्ही बाजू नानांच्याच असतात. समोरच्याने फक्त बसायचं.

वय ७६. बांधकाम खात्यातून निवृत्त. गल्लीत कुठे आवाज चढला की नाना स्वेटर चढवतात. एका हिवाळ्यात आमच्या शेजारच्या दोन घरांत बर्फावरून जुंपली. एकाने आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून दुसऱ्याच्या हद्दीत टाकला, असा आरोप होता. नाना टेप घेऊन गेले. ढिगाची लांबी, रुंदी, सरासरी उंची घेतली, घनफळ काढलं, त्यातून आभाळातून आपोआप पडलेला बर्फ वजा केला आणि ‘अतिक्रमित बर्फ’ किती, याचा कागद दोघांच्या हातावर ठेवला. शिवाय दोघांनाही समसमान वेळ सुनावलं. त्या संध्याकाळी ते दोघं शेजारी एकत्र बसून कॉफी प्यायले. नानांची मध्यस्थी सहसा वाया जात नाही. तासाभरात दोन्ही पक्षांची नानांविरुद्ध एकजूट होते आणि मूळ भांडण मागे पडतं.

अशा माणसाला न्यू जर्सीच्या सुपिरियर कोर्टाकडून ज्यूरीचं समन्स आलं.

खरं तर यात नानांचं कर्तृत्व काही नव्हतं. मतदारयादी, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा आयकर भरणारे अशा याद्या एकत्र करून कॉम्प्युटर नावं उचलतो. पण बर्फाची गोष्ट कोर्टापर्यंत पोचली असावी, असा नानांचा कयास होता आणि तो खोडून काढायची आमच्यापैकी कुणाचीच छाती नव्हती.

इथे हे पाकीट घरात आलं की पहिला प्रश्न ‘कसं टाळायचं’ हाच असतो. पार्कातल्या बाकावरची पेन्शनर मंडळी तर या विषयात मुरलेली. एकाने सुचवलं, “इंग्रजी कळत नाही म्हणा.” दुसरा म्हणाला, “कंपन्या सगळ्या चोर असतात असं ठासून सांगा, दहा मिनिटांत घरी.” तिसरे गृहस्थ सगळ्यांत व्यवहारी. त्यांनी नियमच दाखवला : पंचाहत्तरी उलटलेल्याने नुसती सूट मागितली तरी मिळते, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. नानांच्या पत्नी माईंनी घरी तेवढ्यात फॉर्म उघडून पेनही शोधून ठेवलं होतं.

नानांनी पेन परत केलं. “नागरिकत्वाच्या परीक्षेत मला काय विचारलं होतं, ठाऊक आहे? फक्त नागरिकावरच असणारी एक जबाबदारी सांगा. मतदान करणं किंवा ज्यूरीत बसणं. एकच मागितली होती, मी दोन्ही सांगितल्या. आता एक निभावून दुसरीला पाठ दाखवू?”

तयारी जोरात झाली. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाचं ज्यूरीविषयीचं ज्ञान दोन खटल्यांत आटोपतं. एक लोकमान्यांचा, १९०८ चा : न्यायमूर्ती दावर, नऊ ज्यूरर, त्यांतले सात युरोपियन आणि दोन पारशी, सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, सहा वर्षं मंडाले. दुसरा नानावटींचा, १९५९ चा : पुन्हा नऊ जण, आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष, आणि तो निकाल न पटल्यामुळे सेशन्स जज्जांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं ते. म्हणजे एकदा ज्यूरीने नको त्याला दोषी ठरवलं आणि एकदा नको त्याला सोडलं. भारतातून ज्यूरी गेली ती का, हे यातून कळतं. पण नानांनी निष्कर्ष वेगळा काढला. दोन्ही वेळा आत एक निःपक्षपाती माणूस कमी पडला होता.

ठरलेल्या सकाळी त्यांना न्यू ब्रन्सविकला मीच घेऊन गेलो. नाना कोट-टाय घालून तयार होते. काखेत फाइल. तिच्यात डिग्री सर्टिफिकेट, नोकरीचे दाखले आणि दोन अधिकाऱ्यांची शिफारसपत्रं, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. “नाना, हा इंटरव्ह्यू नाही,” मी गाडीत म्हणालो. “मग निवड कशी करतात?” त्यांनी विचारलं. मी गप्प बसलो, कारण त्या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकलं असतं तर त्यांनी गाडी परत फिरवायला लावली असती.

खरं उत्तर असं आहे की ज्यूरीत निवड होतच नाही. होते ती वजाबाकी. खोलीत पाचपन्नास माणसं आणायची, त्यांना प्रश्न विचारायचे आणि काढत जायचं. ज्याचा कल उघड दिसतो त्याला न्यायाधीश सकारण काढतात. अशी कितीही काढता येतात. त्यापलीकडे दिवाणी खटल्यात इथे प्रत्येक पक्षाला सहा बिनकारणाच्या हरकती असतात : चेहरा आवडला नाही, उत्तर देताना हसला, काहीही. कारण सांगायचं बंधन नाही. निःपक्षपाती माणूस कुठल्याच वकिलाला नको असतो. वादीच्या वकिलाला वादीकडे कललेला हवा, प्रतिवादीच्या वकिलाला प्रतिवादीकडे. दोघं एकमेकांची माणसं छाटत जातात आणि शेवटी खुर्च्यांवर जे उरतात, त्यांना निःपक्षपाती म्हणायचं. ही पद्धत वेडगळ वाटते खरी. पण निःपक्षपाती माणूस थेट शोधायला निघालं तर काय होतं, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून मला छाटणीत बराच शहाणपणा दिसतो.

ज्यूररांच्या हॉलमध्ये नानांचा पहिला खटका उडाला तो भत्त्यावरून. पहिल्या तीन दिवसांचे रोज पाच डॉलर, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. “ते कळलं. प्रवासभत्ता वेगळा ना?” नानांनी विचारलं. बाईंनी पुन्हा पाच डॉलर सांगितले. नानांनी खिशातली डायरी काढून नोंद केली. सरकार कुठलंही असो, खिडकीशी कसं बोलायचं ते नानांना पक्कं ठाऊक आहे. फक्त इथे पलीकडून कुणी “उद्या या” म्हणेना, म्हणून त्यांचा जरा हिरमोड झाला.

दुपारी नानांची तुकडी वर कोर्टरूममध्ये गेली. मी मागच्या बाकावर. खटला साधा होता. एका सुपरमार्केटच्या भाजीच्या विभागात पालेभाजी टवटवीत राहावी म्हणून वरून आपोआप तुषार सुटतात. ते पाणी म्हणे खाली फरशीवर आलं, एक बाई घसरल्या, मनगट मोडलं, नुकसानभरपाईचा दावा. इथे असल्या दाव्यांना हसत नाहीत. १९६६ साली घेवड्याच्या एका शेंगेवरून आणि २००३ साली द्राक्षाच्या एका दाण्यावरून पाय घसरल्याची प्रकरणं थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेली होती, आणि गिऱ्हाइकाने हाताने माल उचलायचा अशी मांडणी दुकानदाराने केली असेल तर सांडलवंडीची काळजीही त्यानेच घ्यावी, असा कायदा त्यांतून घडत गेला. एवढ्याशा शेंगेवर एवढा न्याय आपल्याकडच्या मंडईत कुणी मागितला तर भाजीवाली त्याला बसायला पोतं देईल.

निकाल सहा जण देतात. कुणी आजारी पडलं तर असू देत म्हणून त्या दिवशी आठ बसवायचे होते. प्रश्नांचा छापील कागद सगळ्यांच्या हाती दिलेला होता आणि न्यायाधीशबाई एकेकाला विचारत होत्या. एकाने फार खटले होतात या देशात असं म्हणून मोकळं करून घेतलं. एका बाईंचा भाऊ त्याच दुकानाच्या गोदामात कामाला निघाला, त्याही गेल्या. एका तरुणाने घरी कुत्रा एकटा आहे, अशी अडचण मांडली. न्यायाधीशबाईंनी त्याला कुत्र्याचं वय विचारलं आणि बसवून ठेवलं. मग सातवी खुर्ची रिकामी झाली आणि नानांचा नंबर पुकारला गेला. नाना उठले, कोटाचं बटण लावलं, फाइल घेतली. कोर्ट ऑफिसरने फाइल ठेवून घेतली.

“या खटल्याबद्दल तुम्ही आधी काही ऐकलंय?”

“नाही. पण आत्ता जे ऐकलं त्यावरून असं दिसतं की…”

“आत्ताचं नको,” न्यायाधीशबाई घाईने म्हणाल्या.

“तुम्ही किंवा घरातलं कुणी असं कधी पडलंय?”

“मी पडलो नाही आणि कुणाला पडू दिलं नाही. ३३ वर्षं बांधकाम खात्यात होतो. ओल्या जागेला साठाला एक तरी उतार हवा. इथे उतार किती दिला होता?”

हा प्रश्न नानांनी दोन्ही वकिलांकडे समान नजर टाकून विचारला. वादीच्या वकिलापुढे एका पुठ्ठ्यावर आठ चौकोन होते आणि प्रत्येकात एकेका ज्यूररच्या नावाची पिवळी चिठ्ठी डकवलेली. उताराचा विषय निघाला तशी सात नंबरची चिठ्ठी भरली. त्याने तिच्यावर दुसरी डकवली.

“मी सांगेन तो कायदा, तुम्हाला पटला नाही तरी, पाळाल का?”

“कायदा काय आहे ते सांगा, मग सांगतो.”

कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, त्या समजुतीने म्हणाल्या की फौजदारी खटल्यासारखी शंकेला जागा न उरण्याइतकी खात्री इथे लागत नाही. तराजूचं पारडं एका बाजूला जराही जास्त झुकलं, तरी ते पुरे.

“जरा म्हणजे किती?” नाना म्हणाले. “मोजायचं कसं, ते ठरलंय का?”

प्रतिवादीच्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि डोळे चोळले.

कायद्याचं काही शिक्षण वा अनुभव, असा पुढचा प्रश्न होता. नानांनी ‘होय’ सांगितलं. सगळे सावध झाले. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये वकील सुखात्मे, दोन प्रयोग, खात्याची नाट्यस्पर्धा, असा खुलासा झाला. कोर्टाच्या लघुलेखिकेने सुखात्म्यांचं स्पेलिंग विचारलं. नानांनी ते दिलं आणि नाटकात कुणावर काय अन्याय होतो, तेही सांगायला घेतलं.

न्यू जर्सीत यानंतर एक लांबलचक घरगुती प्रश्न असतो. काम काय, घरात कोण, टीव्हीवर काय पाहता, बातम्या कुठून मिळवता, गाडीला स्टिकर कुठला, फावल्या वेळात काय करता. बाकीच्यांनी हे अर्ध्या मिनिटात उरकलं होतं. नाना अशा चौकशीची वाट पाहत आयुष्यभर थांबले होते. टीव्ही आपण पाहत नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. बायको मराठी मालिका लावते, आपल्या कानावर पडते एवढंच. लगेच, कोर्टापासून काही लपवायला नको म्हणून, त्यांनी त्या मालिकेतली सासू मुळात वाईट नाही, तिचीही एक बाजू आहे, हे विशद केलं. गाडी स्वतःची नाही. पण मुलाच्या गाडीवर नातीच्या शाळेचं स्टिकर आहे आणि आत डॅशबोर्डवर गणपती आहे, त्याला स्टिकर धरायचं की नाही, हा निर्णय त्यांनी कोर्टावर सोपवला. फावला वेळ? “सगळाच.”

त्या प्रश्नाचं शेपूट असं असतं : तुम्हाला महत्त्वाचं वाटतं असं आणखी काही सांगायचं आहे का? हा प्रश्न ज्या कुणी लिहिला त्याची एखाद्या निवृत्त मराठी माणसाशी कधी गाठ पडली नसावी.

नाना खुर्चीत सरसावून बसले. “आय बेग टू सबमिट,” ते म्हणाले, आणि १९०८ साली मुंबई हायकोर्टात शिरले. ज्यूरीची रचना सांगून झाली. दोन पारशी ज्यूररांचं कौतुक झालं. न्यायमूर्ती दावर हेच एके काळी टिळकांचे वकील होते आणि त्यांनी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता, हा तपशील न्यायाधीशबाईंनाही गुंगवून गेला असावा, कारण त्या क्षणभर थांबवायचं विसरल्या. “तरीसुद्धा,” नाना म्हणाले, “दावरांचीही एक बाजू आहे.” तेव्हा त्यांनी थांबवलं.

“एवढंच सांगा. तुम्ही निःपक्षपाती राहाल का?”

“मॅडम,” नाना म्हणाले, “मला दुसरं काही येतच नाही.”

दोन्ही वकिलांना बोलावणं गेलं. न्यायासनाच्या कडेला कुजबुज सुरू झाली आणि ती कुणाला ऐकू येऊ नये म्हणून छतातल्या स्पीकरमधून खरखर सोडली. नाना ती खरखरही लक्ष देऊन ऐकत होते. वकिलांचे चेहरे मात्र मला दिसत होते. सकारण काढायला कारण सापडेना. माणूस शपथेवर निःपक्षपाती म्हणवतो आणि एकही उत्तर कुणाच्या बाजूचं नाही. मग उरली बिनकारणाची हरकत, आणि तिथे दोघांचाही डाव एकच दिसला. आपली कशाला खर्च करायची? समोरचा काढेलच की!

एके काळी असलं काम सोपं होतं. क्लॅरन्स डॅरो या नामांकित वकिलाने १९३६ साली एका मासिकात ज्यूरी कशी निवडावी यावर लेख लिहिला, त्यात कुठल्या पंथाचा, कुठल्या देशातून आलेला माणूस ठेवावा आणि कुठला टाळावा, याची चक्क वर्गवारी आहे. आता वंश बघून माणूस काढता येत नाही. १९९१ पासून दिवाणी खटल्यांतही ती मनाई आहे. म्हणजे नानांना काढायचं तर ते भारतीय आहेत म्हणून नव्हे, असं कुणी विचारलंच तर पटवता येईल असं कारण हवं. ते शोधायला कुणाला लांब जावं लागलं नसतं. खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार येणार, त्याची उलटतपासणी होणार; आणि ज्यूरीच्या बंद खोलीत नाना फरशीवर बोलणार, त्यांची उलटतपासणी कोण घेणार? सहा जणांच्या ज्यूरीत नाना बसले की ज्यूरी एकाचीच होते. तो एक आपल्याला दोषाचे किती टक्के लावील, याची हमी कुणालाच नव्हती.

शेवटी वादीचा वकील उभा राहिला. त्याने पुठ्ठ्यावरच्या सात नंबरच्या चिठ्ठ्या उचकटल्या आणि ठरावीक शब्दांत म्हणाला की वादी ज्यूरर क्रमांक सातचे आभार मानून त्यांना मोकळं करू इच्छितो. प्रतिवादीच्या वकीलबाईंनी त्याच्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की प्रकरण तिथेच आपसात मिटेल की काय, असं मला वाटून गेलं.

नाना उठले, न्यायाधीशबाईंना नमस्कार केला, वकिलांना वेगवेगळा केला आणि फाइल घेऊन बाहेर आले. “भर कोर्टात आभार मानले,” ते मला म्हणाले. “आणि तेही वादीने. मी अजून काही केलंसुद्धा नव्हतं.”

मी त्यांना घरी घेऊन आलो आणि विषय संपला असं समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माईंचा फोन. नाना एडिसन स्टेशनवरून गाडी पकडून न्यू ब्रन्सविकला गेले होते. ज्यूरीतून मोकळा झालेला माणूस म्हणजे जनतेतला माणूस, आणि कोर्ट जनतेला खुलं असतं; हा मुद्दा त्यांनी दारावरच्या पहारेकऱ्याला नीट समजावला होता. तो खटला चालला तितके दिवस नाना मागच्या बाकावर वही घेऊन हजर होते. तज्ज्ञ साक्षीदाराने फरशीच्या घर्षणाचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी अशी मान हलवली की बसलेल्या आठांपैकी तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कोर्ट ऑफिसर मागे आला आणि मान स्थिर ठेवायची विनंती करून गेला. त्यानंतर नाना नुसत्या भुवयांवर भागवत होते, असं ऐकतो.

निकालात ज्यूरीला दोषाचे टक्के वाटावे लागतात. वादीचा स्वतःचा दोष पन्नासाच्या वर गेला तर हाती काही नाही. नाहीतर तेवढे टक्के रकमेतून कापायचे. ज्यूरीने दुकानाला ७० आणि बाईंना ३० टक्के दिले. नाना संध्याकाळी घरी आले ते धुसफुसत. मी तिथेच चहाला होतो.

“शंभर टक्के वाटून टाकले आणि कंत्राटदाराचं नावसुद्धा कुणी काढलं नाही!” त्यांनी वही टेबलावर आपटली. तिच्यात रकाने आखले होते. दुकान ३५, बाई १५, फरशी बसवणारा कंत्राटदार ५०. “उतार न देता फरशी बसवली त्याने. पैसे घेऊन गेला. दोन्ही बाजूंचा विचार केला तरी दोष त्याचा. तीस-पस्तीस वर्षं ही जमात पाहिली आहे मी.”

“कंत्राटदार पैसे घेऊन गेला, पण दिले कुणी?” माई कप भरता भरता म्हणाल्या. “काम तपासल्याशिवाय बिल पास होतं का?”

नानांनी वही जवळ ओढली, कंत्राटदाराच्या पन्नासावर थोडा वेळ पेन रोखून धरलं.

“बिल कार्यकारी अभियंता पास करतो,” ते म्हणाले. “मी उपअभियंता होतो.”